पहिला बर्फ आणि बॉडी शॉपची वाट : ओंटारियोत नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, ब्रॅम्प्टन शहरातल्या एका बॉडी शॉपमध्ये मी एस्टिमेटर आहे. ठोकलेली गाडी आली की कुठे काय मोडलंय, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल आणि किती पैसे लागतील, हे लिहून काढायचं काम माझं. आमचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस कॅलेंडरवर छापलेला नसतो, पण ठरलेला असतो : पहिला बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. एक फोन ठेवेपर्यंत दुसरा वाजतो. त्यात एखाददुसरं आडनाव असं निघतं की मी सरळ मराठीत सुरू होतो. मग गोष्ट. ती बहुतेक तीच असते. "दादा, स्पीड काहीच नव्हता हो. तीस असेल. सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना."

हा माणूस शिकाऊ नसतो. पुण्यात दहा-पंधरा वर्षं गाडी हाकलेली असते, भर पावसात वरंधा घाट उतरलेला असतो. ब्रेक दाबला की गाडी थांबते, ही इतक्या वर्षांची पायाला लागलेली सवय. तीच इथे घात करते.

खाली लिहिलंय ते ओंटारियोपुरतं. दुसऱ्या प्रांतांत विम्याचे आणि टायरचे नियम वेगळे आहेत. ऑक्टोबरपासून सुरुवात करतो, कारण बर्फ पडल्यावर टायरच्या दुकानात तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते.

ऑक्टोबर : टायर

गाडीबरोबर येतात ते बहुतेक 'ऑल-सीझन' टायर. नाव फसवं आहे. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक व्हायला लागतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं तसं. कडक रबर रस्त्याला धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. म्हणजे बर्फ नसलेल्या कोरड्या पण गारठलेल्या रस्त्यावरही त्यांचा उपयोग होतो. अनेकांना हे माहीत नसतं. ते बर्फाची वाट बघत बसतात.

टायरच्या बाजूवर एक खूण शोधा : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ती असेल तर टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला आहे. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. 'ऑल-वेदर' नावाचा तिसरा प्रकारही मिळतो, त्यावर ही डोंगराची खूण असते. टोरंटो-मिसिसॉगाच्या आतच फिरणाऱ्याला तो चालून जातो. उत्तरेला बॅरी शहराच्या पलीकडे नियमित जाणार असाल तर खरे विंटर टायरच घ्या.

ओंटारियोत सक्ती नाही. शेजारच्या क्यूबेकमध्ये तिथे नोंदवलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर लागतातच. आपल्याकडे सक्तीऐवजी आमिष आहे : १ जानेवारी २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांनी विंटर टायरसाठी सवलत द्यायलाच हवी. ती आपणहून लागेल असं समजू नका, एजंटला फोन करून सांगा आणि पावती जपून ठेवा.

चारही बदला. दोनच घेतले तर पैसे वाचतात खरे, पण पुढची चाकं धरतात आणि मागची सुटतात, मग वळणावर गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. अशा दोन टायरवाल्या गाड्या आमच्याकडे बाजूने चेपलेल्या येतात. शक्य असेल तर वेगळ्या लोखंडी रिमवर बसवून घ्या. दरवर्षी टायर रिममधून काढ-घाल करण्याचा खर्च वाचतो आणि मिठाने चांगल्या रिम खराब होत नाहीत. बसवल्यानंतर साधारण १०० किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा कसून घ्यायचे असतात. दुकानदार सांगतो, आपण विसरतो.

जुने टायर घेणार असाल तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. '३८१९' म्हणजे २०१९ सालच्या ३८ व्या आठवड्यात बनलेला. खाचांची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बर्फासाठी तो टायर संपला. आणि हवा : तापमान साडेपाच अंश उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

गाडीतलं सामान

पहिली गोष्ट, काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी भरायची सवय सोडा. ते गोठतं, टाकी फुटते, आणि हायवेवर पुढचा ट्रक काचेवर मिठाचा चिखल उडवतो तेव्हा तुमच्याकडे काही नसतं. उणे ३५ किंवा ४० लिहिलेला निळा द्रव मिळतो, तो भरा आणि एक कॅन डिकीत ठेवा.

बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. बॅटरीवर लिहिलेले 'कोल्ड क्रँकिंग ॲम्प' उणे १८ अंशांना मोजलेले असतात, थंडीत बॅटरीचं खरं बळ किती ते त्यावरून कळतं. डिकीत लांब दांड्याचा ब्रश-खरवडणी, घडीचं फावडं, जंपर केबल, घोंगडी, टॉर्च आणि मांजराच्या मातीची पिशवी. हो, मांजर नसलं तरी. चाक बर्फात जागच्या जागी फिरायला लागलं की ती माती चाकाखाली टाकायची. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

सकाळी निघताना

दहा मिनिटं लवकर उठा आणि सगळी गाडी साफ करा. समोरच्या काचेत चहाच्या बशीएवढं भोक पाडून निघणारे महाभाग दरवर्षी दिसतात, पोलीस त्यांना दंडही करतात. टपावरचा बर्फ तर काढाच. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा तो अख्खा थर घसरून तुमच्याच काचेवर येतो. हायवेवर तोच उडून मागच्याच्या काचेवर आदळतो, आणि त्यात बर्फाचा खडा असला तर काच जाते.

काचेवर गरम पाणी ओतू नका. आधीच एखादा टवका असेल तर तडा आरपार जाईल. हिवाळ्यात रस्त्यावर वाळू-खडी टाकतात, त्यामुळे टवके उडतातच. छोटा असताना भरून घेतला तर काम स्वस्तात होतं. आता बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो, काच बदलली की तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि बिल भलतंच फुगतं.

बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवू नका, दार उघडं असलं तरी गाडी बाहेर काढूनच तापवा. धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि वर घरात माणसं असतात. कुठे बर्फात अडकून गाडीत बसून राहायची वेळ आली तर आधी उतरून मागच्या धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढा, इंजिन मधूनमधून थोडा वेळच चालवा आणि एक काच बोटभर खाली ठेवा.

दिव्यांचं एक. दिवसा पुढचे दिवे आपोआप लागलेले दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी मागचे दिवे बंद असतात. बर्फाच्या पडद्यात मागच्याला तुम्ही दिसतच नाही. स्विच हाताने फिरवून पूर्ण दिवे लावा.

रस्त्यावर

पहिला मोठा बर्फ पडला की रविवारी सकाळी एखादं रिकामं पार्किंग गाठा. कोणाची हरकत नाही ना, बघून घ्या. वीसच्या वेगाने जाऊन ब्रेक जोरात दाबा. पायाखाली पेडल थरथरेल, घरघर असा आवाज येईल. ते एबीएस. गाडी बिघडलेली नाही. नवखा माणूस या थरथरीने दचकून पाय उचलतो आणि उरलंसुरलं थांबणंही घालवतो. पाय तसाच दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. एबीएस असतं ते त्यासाठीच, की ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळावी. हे एकदा शरीराला कळलं की निम्मा हिवाळा जिंकला. वाचून कळत नाही, म्हणून पार्किंग.

दुसरं, अंतर. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून तीन सेकंद ठेवता ना, बर्फावर त्याच्या दुप्पट तरी ठेवा. मुंबईत एवढी जागा सोडली तर दोन रिक्षा आणि एक बाइक आत शिरेल, हे मला मान्य आहे. इथेही कोणीतरी शिरेल. शिरू द्या, पुन्हा मागे सरा.

ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग, तिन्ही हळू. आणि एका वेळी एकच. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, मग ब्रेक सोडून वळा. घसरलीच तर पाय दोन्ही पेडलवरून उचला, नजर जायचंय तिकडे ठेवा, हात नजरेमागे आपोआप जातात. ज्या खांबाला आपण घाबरून टक लावून बघतो त्याच खांबावर गाडी जाते. चेपलेला भाग बघून मला कितीदा तरी कळतं की शेवटच्या क्षणी हा माणूस कुठे बघत होता. क्रूझ कंट्रोल बंद.

काळा बर्फ म्हणजे 'ब्लॅक आइस' काळा नसतो, पारदर्शक असतो. डांबर नुसतं ओलं दिसतं. तापमान शून्याच्या आसपास आणि रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत : समजा, तो बर्फ आहे. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. जमिनीवरचा रस्ता मातीची ऊब थोडी धरून असतो. ४०१ हायवेवरून ४१० हायवेकडे जाणारे उंच जोडरस्ते पहाटे याच कारणाने दगा देतात.

रस्त्यावर टाकतात त्या मिठावरही सगळा भरवसा ठेवू नका. थंडी जसजशी वाढते तसतसं मीठ मंदावतं, कडाक्याच्या थंडीत साधं मीठ जवळजवळ निरुपयोगी. मग वाळू टाकतात, तिने फक्त पकड मिळते, बर्फ वितळत नाही.

ओंटारियोत बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर निळे लुकलुकते दिवे असतात. पोलीस समजून गोंधळू नका आणि त्यांना ओलांडू नका. हायवेवर त्या तिरक्या रांगेत चालतात, मधून वाट काढायला गेलात तर पात्याने उडवलेल्या ढगात तुम्हाला काही दिसणार नाही. लांबच्या प्रवासाआधी ५११ ला फोन लावा किंवा त्यांचा नकाशा बघा, कुठला रस्ता बंद आहे ते कळतं.

आणि एसयूव्ही घेतलेल्यांसाठी. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी निघते झकास. थांबते मात्र बाकीच्यांसारखीच. हिवाळ्यात हायवेच्या मधल्या खड्ड्यात उतरलेल्या गाड्या बघा, त्यांत चारचाकी ताकदवाल्या काही कमी नसतात.

ठोकर झालीच तर : पहिला तास

कोणाला लागलं असेल तर ९११. लागलं नसेल आणि गाडी हलत असेल तर ती कडेला सुरक्षित जागी घ्या. निसरड्या रस्त्यावर दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून नुकसान बघत बसू नका. तुम्ही जिथे घसरलात तिथेच मागून येणारा घसरणार आहे. एकावर दुसरी ठोकर अशीच होते, आणि त्यात माणसं चिरडतात.

फोटो काढा. गाड्यांचेच नव्हेत, रस्त्याचे, सिग्नलचे, समोरच्याच्या नंबरप्लेटचे, त्याच्या लायसन्सचे आणि विम्याच्या गुलाबी कागदाचे. 'चूक माझी' किंवा 'चूक तुझी' यावर रस्त्यात वाद घालण्यात काहीच हशील नाही, ते का, हे पुढे सांगतो.

१ जानेवारी २०२५ पासून नियम बदलला आहे. आधी दोन्ही गाड्यांचं मिळून नुकसान २,००० डॉलरच्या वर गेलं की पोलिसांना कळवावं लागे. आता ही मर्यादा ५,००० आहे. कोणी जखमी असेल किंवा दुसऱ्याची मालमत्ता, खांब, कठडा मोडला असेल तर मात्र आकडा न बघता कळवायचंच. पोलीस बहुतेक वेळा जागेवर न येता तुम्हाला कोलिजन रिपोर्टिंग सेंटरला, म्हणजे अपघात नोंदवायच्या केंद्रात, जायला सांगतात. लगेच जा.

आता आपली खास सवय. 'जाऊ दे हो, पोलीस-विमा कशाला, तीनशे डॉलर घ्या आणि मिटवून टाकू.' मोह मला कळतो, हप्ता वाढेल ही भीतीही कळते. पण एक अनुभव सांगतो. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एक नवरा-बायको आले, मूळचे नाशिकचे. मागून कोणीतरी टेकलं होतं, बंपरवर हातभर ओरखडा. समोरच्याने चारशे रोख दिले, हे खूश. मी बंपरचं कव्हर उतरवलं. आतला फोम चार तुकडे, त्यामागचा दांडा वाकलेला, कोपऱ्यातला, आजूबाजूच्या गाड्या ओळखणारा रडार धरणारी पट्टी तुटलेली. प्लास्टिकचं कव्हर दाबलं जातं आणि पुन्हा फुगून मूळ आकारात येतं, आतला ऐवज येत नाही. चारशे डॉलरमध्ये त्यातला फोमही नीट बसला नसता. आणि समोरच्याचा नंबर यांनी घेतलाच नव्हता.

तेव्हा पैशाचं काहीही ठरो, नावनंबर घ्या आणि तुमच्या विमा कंपनीला सात दिवसांच्या आत कळवा.

टो ट्रक

ठोकर झाली की तुम्ही न बोलावता एखादा टो ट्रक येऊन उभा राहतो. सगळे वाईट नसतात. पण ओंटारियोला हा धंदा कायद्यात बांधावा लागला तो उगाच नाही : जानेवारी २०२४ पासून टो करणाऱ्या कंपनीला प्रांताचं प्रमाणपत्र लागतं, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकालाही. गाडी हुकाला लावण्याआधी संमतीचा फॉर्म भरून तुमची सही घ्यावी लागते, दर आधी दाखवावे लागतात, आणि गाडी कुठे न्यायची ते तुम्ही ठरवता. टोरंटोभोवतालच्या ४०० मालिकेतल्या हायवेंच्या काही पट्ट्यांवर तर प्रांताने नेमलेल्याच कंपनीला टो करता येतं. तिथे निवड तुमच्या हातात नसते, दर मात्र ठरलेले असतात.

कडाक्याची थंडी असते, हात कापत असतात, मूल मागच्या सीटवर रडत असतं. अशा वेळी समोर आलेल्या कागदांवर माणूस पटापट सह्या करतो. टोच्या संमतीखाली दुसरा कागद दुरुस्तीच्या परवानगीचा आहे का, बघा. असेल तर त्यावर सही करू नका. शॉप उद्या सकाळी घरात बसून, चहा पिऊन निवडायचं असतं. 'आमच्या ओळखीच्या शॉपला नेतो, डिडक्टिबल माफ करून देतो' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. डिडक्टिबल म्हणजे दुरुस्तीच्या खर्चातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा. तो पैसा विमा कंपनीला लावलेल्या फुगवलेल्या बिलातून वसूल होतो, आणि सही तुमची असते.

'पण बर्फ होता ना!'

हे वाक्य मी रोज ऐकतो. ओंटारियोत चूक कोणाची हे विमा कंपन्या 'फॉल्ट डिटर्मिनेशन रूल्स' या नियमावलीवरून ठरवतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की हवामान, रस्त्याची अवस्था, धुकं-अंधार हे काहीही न धरता चूक ठरवायची. त्याच रांगेतल्या पुढच्या गाडीला मागून ठोकलंत तर चूक शंभर टक्के तुमची. काळ्या बर्फावर एकटेच घसरून खांबावर गेलात तरी चूक तुमची. रस्त्यावर वाद घालून उपयोग नाही म्हटलं ते याचसाठी : तो ड्रायव्हर काय म्हणतो यावर काही ठरत नाही, गाड्या एकमेकींच्या कुठल्या बाजूला होत्या यावर ठरतं.

म्हणून हिवाळ्याआधी पॉलिसीचा कागद काढून 'कोलिजन', म्हणजे चूक तुमची असली तरी तुमच्या गाडीचं ठोकरीतलं नुकसान भरून देणारा भाग, घेतलाय का ते बघा. तो ऐच्छिक असतो. जुनी गाडी आहे, कशाला, म्हणून नवे आलेले लोक तो गाळतात आणि खांबावर गेल्यावर सगळा खर्च खिशातून. चूक दुसऱ्याची असेल तर तुमच्या गाडीचे पैसे तुमचीच कंपनी देते. हरीण आडवं आलं तर ते 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' या विम्याच्या वेगळ्या भागात मोडतं. गाडी दुरुस्तीत असताना भाड्याची गाडी हवी असेल तर 'ओपीसीएफ २०' नावाची जोडणी आधी घेतलेली असावी लागते. जानेवारीत आमच्याकडे गाडी आठवडेच्या आठवडे अडकते, तेव्हा ही जोडणी नसलेल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

बॉडी शॉपमध्ये

विमा कंपनी आपल्या यादीतलं शॉप सुचवेल. तिथे जाणं सोयीचं असतं, पण बंधनकारक नाही. शॉप निवडायचा हक्क तुमचा. फोनवर विचारा : एस्टिमेट लेखी देता का? भाग मूळ कंपनीचे, दुसऱ्या कंपनीचे की मोडीतून काढलेले? रडार-कॅमेऱ्यांची जुळणी तुम्ही करता की बाहेर पाठवता, आणि केल्याचा कागद मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे नवी गाडी देऊ नका. बंपरमागचा रडार अंशभर तिरका बसला तर गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक मारते, नाहीतर समोरच्याला बघून मारतच नाही.

हिवाळ्यात गाडी आली की आम्ही आधी ती धुतो आणि वितळू देतो. मीठ आणि गोठलेल्या चिखलाच्या थराखाली काय आहे ते दिसतच नाही, ओली-गार पत्र्याची गाडी मोजता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसाच्या एस्टिमेटवर विसंबू नका. गाडी उघडली की आतलं नुकसान निघतं, मग आम्ही विमा कंपनीला जादा खर्चाचा कागद पाठवतो, ते मंजूर करतात, मग भाग मागवतो. 'तुम्ही आधी एक सांगितलं, आता दुसरं' अशी तक्रार येते. थंडीत तर जास्तच, कारण उणे वीसला प्लास्टिक चेपत नाही, तडकतं, आणि तडा आतपर्यंत गेलेला असतो.

स्वतःच्या खिशातून करत असाल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. लेखी एस्टिमेटपेक्षा १० टक्क्यांहून जास्त बिल लावता येत नाही. बदललेले जुने भाग मागून घेता येतात. भाग आणि मजुरीवर ९० दिवस किंवा ५,००० किलोमीटर, जे आधी येईल तोवर हमी असते.

सांगलीला माझे काका डेंटिंग-पेंटिंग करायचे. लाकडी ठोकळा, हातोडी, आणि चेपलेला पत्रा पुन्हा गोल करण्याची बोटांतली जादू. इथे आलो तेव्हा मला वाटलं, हे लोक काहीच ठोकत नाहीत, नुसते बदलतात. मग कारण कळलं. आताच्या गाड्यांचा सांगाडा निरनिराळ्या ताकदीच्या पोलादाचा असतो. काही पट्ट्या इतक्या कडक की तापवून सरळ केल्या तर त्यांचं बळ जातं, वरून मात्र ठीक दिसतात. त्या कापून नव्याच बसवायच्या, कुठे कापायचं तेही गाडीच्या कंपनीने ठरवलेलं. बाहेरचा पत्रा मात्र अजूनही ठोकून, ओढून, वर पुट्टी भरून घासला जातो. रंग न उडालेला छोटा पोचा असेल तर आतून सळईने हळूहळू दाबून काढणारे कारागीरही असतात, त्यात पुट्टी-रंग काहीच लागत नाही. ते काम बघत उभं राहावंसं वाटतं. काका असते तर ताबडतोब त्याच्याशी दोस्ती केली असती.

बिलात दिसेल की ठोकलं फेंडर आणि रंग दारालाही लावलाय. ही लबाडी नव्हे. रंगाचा कोड एकच असला तरी तीन उन्हाळे खाल्लेला रंग आणि आज मिसळलेला रंग शेजारी ठेवले की फरक दिसतो, चंदेरी आणि मोतिया पांढऱ्यात तर फारच. म्हणून नवा रंग शेजारच्या पॅनेलवर हळूहळू विरवत नेतात आणि वरून सगळ्यावर पारदर्शक थर देतात.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाजवळ गेला तर विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते आणि भाव देऊन गाडी घेते. त्यांनी लावलेला भाव पहिल्या फोनवर मान्य करू नका. तशाच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटर चाललेल्या विक्रीच्या चार जाहिराती दाखवा, विंटर टायरची पावती जोडा. आकडा बऱ्याचदा सरकतो.

गाडी परत घेताना

संध्याकाळी नको, उजेडात जा. जानेवारीत पाचला अंधार होतो आणि दुकानाच्या दिव्याखाली सगळेच रंग जुळतात. दारं उघडून-मिटून बघा, फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का बघा, डॅशबोर्डवर कुठला दिवा जळत राहिलाय का बघा. नव्या रंगाला काही आठवडे मेण लावू नका आणि ब्रशवाल्या गाडी-धुलाईत नेऊ नका. नुसतं पाणी मारून मीठ उतरवा. पोटाखाली पाणी मारणारी धुलाई हिवाळाभर दर दोन आठवड्यांनी करावी, आणि शरद ऋतूत एकदा गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा. इथे गाडीचं इंजिन टिकतं, पत्रा आधी जातो.

या धंद्यात यायचं असेल तर

दरवर्षी दोन-तीन मुलं विचारतात. महाराष्ट्रात आयटीआयमधून ऑटो बॉडी रिपेअर किंवा पेंटिंग केलेलं असतं, गॅरेजमध्ये सहा-सात वर्षं हात चाललेला असतो. ओंटारियोत 'ऑटो बॉडी अँड कोलिजन डॅमेज रिपेअरर', कोड ३१०बी, हा सक्तीच्या परवान्याचा धंदा आहे. नोंदलेला शिकाऊ किंवा परवानाधारक असल्याशिवाय ते काम करता येत नाही. वाटा दोन. शॉपमध्ये शिकाऊ म्हणून नोंदणी करून तास भरायचे, नाहीतर स्किल्ड ट्रेड्स ओंटारियो या परवाने देणाऱ्या संस्थेकडे जुना अनुभव तपासायला देऊन थेट परीक्षेला बसायचं. पास व्हायला ७० टक्के लागतात. परवान्यावर 'रेड सील' ही देशपातळीची मोहोर मिळाली तर ती सगळ्या प्रांतांत चालते.

दुसऱ्या वाटेवर आपली मुलं अडकतात ती कागदापाशी. गावाकडच्या मालकाने पगार रोख दिलेला, लेटरहेड कधी छापलेलंच नाही. निघण्याआधी प्रत्येक मालकाकडून लिहून घ्या : कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं कोणतं काम. सही, शिक्का, फोन नंबर. इथे येऊन ते मिळवायला वर्ष जातं.

पैसे बऱ्याच ठिकाणी 'फ्लॅट रेट'ने मिळतात. कामाला पुस्तकात चार तास लिहिले असतील आणि तुम्ही तीन तासांत केलंत, तरी पैसे चारचे. सहा लागले तरी चारचेच. हात बसेपर्यंत पहिलं वर्ष त्यात मार खावा लागतो. आणि रंगाच्या बूथमध्ये मास्कबद्दल हयगय नको. पारदर्शक थराच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो, आणि एकदा जडला की रंगकाम कायमचं सुटतं. गावाकडे तोंडाला रुमाल बांधून रंग मारला असेल, इथे ताज्या हवेच्या नळीचा मास्क असतो. मालक देत नसेल तर दुसरा मालक शोधा, नोव्हेंबर ते मार्च माणसं सगळ्यांनाच हवी असतात.

पहिल्याच दिवशी हातात स्प्रे गन मिळेल असं धरून येऊ नका. रबरी बूट आणि पाण्याची नळी मिळेल, आणि समोर चाकांच्या कमानींत गुडघाभर मळका बर्फ अडकलेली गाडी.